पाळकसाहेबांना हिशेब विचारताना

साताऱ्या-सांगलीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत एक वचन फार पटकन तोंडावर येतं: देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका. पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, अर्पणाचा हिशेब विचारा, मिशन कंपाउंडमधला गाळा कुणाला भाड्याने दिला ते विचारा, अंथरुणाला खिळलेल्या आजीकडे सहा महिन्यांत कुणी का फिरकलं नाही ते विचारा. उत्तराच्या आधी स्तोत्र १०५ हजर. त्या वचनाच्या आधीच्या तीन ओळी मात्र कुणी वाचत नाही. तिथे मूठभर, परके, या मुलखातून त्या मुलखात भटकणारे पूर्वज आहेत आणि त्यांना छळू नका असं देव राजांना दटावतो आहे. सत्तेला दिलेली तंबी आहे ती. आपण ती सत्तेच्याच हाती ढाल म्हणून दिली.

दाविदाचंही तेच केलं. जिवावर उठलेल्या शौल राजावर त्याने हात टाकला नाही, हे प्रत्येक उपदेशात येतं. पण त्याच अध्यायात (१ शमुवेल २४) तो गुहेतून बाहेर येतो, शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरतो आणि दोन्हीकडच्या माणसांच्या देखत त्याला मोठ्याने जाब विचारतो. एवढा भाग नेमका गळतो. अंगाला हात न लावणं वेगळं आणि पुरावा हातात धरून विचारणं वेगळं.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा प्रेषित पौलाच्या १ तीमथ्य या पत्राच्या पाचव्या अध्यायात, सतराव्या ते बाविसाव्या वचनात आहे. चांगला कारभार करणाऱ्या वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, दुप्पट मान द्या. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नका, कामकऱ्याला त्याची मजुरी द्या. दोघा-तिघा साक्षीदारांवाचून वडिलाविरुद्धचा आरोप दाखल करून घेऊ नका. जे पाप करतच राहतात त्यांना सगळ्यांदेखत दोष लावा. पक्षपात करू नका. कुणावर घाईने हात ठेवू नका, म्हणजे घाईने दीक्षा देऊ नका. सहा वचनं सलग आहेत, पण आपल्याकडे ती वाटून घेतलेली असतात. पाळकाला मान आणि साक्षीदार आठवतात, विरोधी गटाला 'सगळ्यांदेखत' तेवढं आठवतं, खजिनदार मजुरीचं वचन सोयीने विसरतो, आणि हात घाईने ठेवू नका हे दीक्षाविधीच्या दिवशी कुणाच्याच लक्षात येत नाही.

मजुरीपासूनच सुरुवात करू, कारण बरीचशी लौकिक ओढ, म्हणजे पैशाची आणि सत्तेची ओढ, तिथून सुरू होते. ज्या पाळकाचा पगार तीन-तीन महिने थकतो, तो मुलाच्या फीसाठी मंडळीतल्याच एखाद्या ठेकेदाराकडे हात पसरतो. मग त्या ठेकेदाराचं नाव कमिटीच्या यादीत येतं, कंपाउंडच्या भिंतीचं काम त्याला मिळतं आणि त्याच्या घरातल्या भानगडीवर व्यासपीठावरून शब्द निघत नाही. म्हणून कुठल्याही मंडळीत हिशेब विचारणाऱ्यांनी पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: पाळकाचा पगार ठरलेल्या तारखेला, पूर्ण, बँकेत जमा होतो का? भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर तो भरलाही जातो का? ज्या मंडळीने हे केलं नाही तिच्या प्रश्नाला धार येत नाही.

आता लौकिकपणा. दागिने, गाडी, मोबाइल यांवर बोलणं सोपं असतं. मला ते दुय्यम वाटतं. एखाद्या पाळकाकडे चांगली गाडी असणं हा गुन्हा नाही, ती कुठल्या पैशातून आली याची नोंद नसणं हा आहे. खरी कीड दुसरीकडे लागली आहे. वाढदिवसाचे फ्लेक्स चौकात लागतात, त्यावर कृसापेक्षा साहेबांचा फोटो मोठा. आणि निवडणुका! डायोसिसच्या (बिशपच्या धर्मप्रांताच्या) आणि पास्टोरेट कमिटीच्या (स्थानिक मंडळीच्या कारभारी समितीच्या) निवडणुका आपल्या भागात अगदी साखर कारखान्याच्या पॅनेलसारख्या लढवल्या जातात: गावोगावची जुळवाजुळव, जेवणावळी, गाड्यांची सोय, आणि मतदार यादीतून विरोधकांची नावं उडवणं. शेवटची युक्ती सर्वांत प्रभावी. वर्गणी थकली म्हणून नाव कमी केलं, असं सांगतात. थकबाकीची नोटीस कधी दिली ते सांगत नाहीत. यादी निवडणुकीच्या आधी उपासनामंदिराच्या दारावर लावली का, हरकतीला मुदत दिली का, सभेची सूचना लागोपाठ दोन रविवारी वाचली का की शेवटच्या गीतानंतर घाईघाईत उरकली, हे पाहणारे दोन डोळस सभासद असले तरी निम्मा खेळ थांबतो.

पैशाचा भाग थोडा सावकाश पाहू. यहोयादा याजकाच्या काळची गोष्ट २ राजेच्या बाराव्या अध्यायात आहे. मंदिराच्या डागडुजीसाठी याजक पैसे घेत राहिले आणि योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत भेगा तशाच राहिल्या. राजाने त्यांना बोलावून विचारलं, दुरुस्ती का होत नाही? मग एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि पैसे मोजायला राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येऊ लागले. दोन वेगळ्या खात्यांची दोन माणसं. पौलानेही करिंथकरांच्या मदतनिधीसाठी तीत या सहकाऱ्याला एकट्याला पाठवलं नाही, मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ दिला, आणि कारण स्वच्छ सांगितलं: या रकमेबद्दल आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये (२ करिंथ ८). संशय येण्याची वाट त्याने पाहिली नाही.

वेस्ट्रीतल्या, म्हणजे उपासनामंदिराला लागून असलेल्या खोलीतल्या, टेबलावर हे असं दिसायला हवं. उपासना संपल्यावर अर्पणाच्या थैल्या दोन मोजणाऱ्यांसमोर उलट्या होतात. हे दोघे एका घरातले नसावेत, आणि त्यांत पाळक किंवा खजिनदार नसावा. नोटांची फोड लिहायची: पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभर, पन्नास, वीस, दहा, चिल्लर. पाकिटांतलं दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) वेगळं, सुटं अर्पण वेगळं, उपकारस्तुतीचं वेगळं. शाईने बेरीज, दोघांच्या सह्या, चिठ्ठीच्या तीन प्रती: एक मोजणाऱ्यांकडे, एक खजिनदाराकडे, एक फाइलला. खोडलं तर खोडलेलं वाचता येईल असं एकच रेघ मारून, शेजारी सही. व्हाइटनर लावलेली अर्पणवही दिसली की तिथे थांबायचं. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत, आणि पुढच्या रविवारी जाहिरातींत आकडा.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा 'पूर्ण रक्कम' या दोन शब्दांत. वायरमनला आठशे द्यायचे असतात, ते थैलीतूनच दिले जातात आणि उरलेले बँकेत जातात. चोरी झालेली नसते. पण जमाही वहीत नाही, खर्चही नाही, पावतीही नाही. सहा महिन्यांनी हीच सवय कुणाच्या तरी खिशापर्यंत जाते, आणि कुठल्या रविवारपासून ते कळण्याचा मार्ग उरत नाही. किरकोळ खर्चासाठी तीन-चार हजारांची रोकड चेकने वेगळी काढावी, संपली की व्हाउचर दाखवून पुन्हा भरावी. एवढ्याने भागतं.

क्यूआर कोडने नवी वाट उघडली आहे. व्यासपीठाच्या खांबाला चिकटवलेला कोड स्कॅन केला की पैसे जाण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. तिथे मंडळीचं नाव यायला हवं. पाळकाचं, त्यांच्या पत्नीचं किंवा मुलाचं नाव येत असेल तर ते अर्पण हिशेबतपासनिसाला दिसणारच नाही, कारण तो तपासतो ते मंडळीचं खातं. 'तात्पुरतं आहे, ट्रस्टचं खातं उघडायचं चाललंय' हे उत्तर पहिल्या महिन्यात ठीक. पुढच्या नाताळात तोच कोड तिथेच असेल तर लेखी विचारावं.

हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव ही आपल्याकडची गोड गोष्ट. हळदीचं पोतं, बेदाणा, गुळाची ढेप, घेवडा, कोंबडा, एखादा अवाढव्य भोपळा. भोपळा तर घेणारा परत देतो आणि त्याचा पुन्हा लिलाव होतो. बोली हौसेने चढते आणि हौस घरी गेल्यावर उतरते. जाहीर झालेला आकडा आणि बँकेत आलेला आकडा जुळत नाही, तेव्हा उधारी राहिली की मधेच गेली हे कळायला चार रकाने पुरतात: वस्तू, घेणारा, बोली, पैसे मिळाल्याची तारीख. पावती जागेवर. थकबाकीदारांची यादी महिन्याने वाचली तर पुढच्या वर्षी बोल्या थोड्या खाली येतील, त्याचं दुःख मानू नये.

वार्षिक सभेत ताळेबंद वाटला जातो तेव्हा सगळे शेवटची बेरीज बघतात. बघायच्या जागा दुसऱ्या आहेत. 'आगाऊ' या शीर्षकाखाली कुणाच्या नावावर किती आणि किती वर्षांपासून. 'किरकोळ' खर्च एकूण खर्चाच्या मानाने केवढा. बांधकाम निधीची मुदत ठेव मोडली का, आणि ठराव कोणत्या तारखेचा. पावतीपुस्तकांचे अनुक्रमांक सलग आहेत का. मधलं एक पुस्तक 'सापडत नाही' असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तेच शोधावं. बावन्न रविवारच्या चिठ्ठ्या आणि पासबुकातल्या जमा शेजारी ठेवल्या तर कुणावर आरोप न करताही बरंच काही दिसतं. साक्षीदार दोन-तीन असावेत असं पौल म्हणतो. पैशाच्या बाबतीत चिठ्ठी, पासबुक आणि पावती हे तिघे साक्षीदार चांगले. ते कुणाचे नातेवाईक नसतात.

जमिनीचा विषय आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जास्त नाजूक. सातारा, वाई, पाचगणी, सांगली, मिरज: मिशनने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गावाबाहेर घेतलेल्या जागा आज भर वस्तीत आल्या आहेत. मिशनरी साहेबाला बोस्टनच्या नाहीतर न्यूयॉर्कच्या मिशन कचेरीला दरवर्षी अहवाल पाठवावा लागे. पुढे कारभार इथल्या मंडळ्यांकडे आला, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यावर त्यांतल्या पुष्कळ तिच्यात गेल्या. बंगला राहिला, खुर्ची राहिली, अहवालाची सवय तेवढी सुटली. साताऱ्याला याची वेगळी बाजूही ठाऊक आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून १९१७ मध्ये इथेच 'देवाचा दरबार' मांडला. परक्यांच्या पैशावर न जगणारी, आपल्या पायांवर उभी असलेली मंडळी त्यांना हवी होती. १९१९ मध्ये ते गेले. आपण पायांवर उभे राहिलो ते बऱ्याच ठिकाणी जागा भाड्याने देऊन, हे त्यांना कितपत आवडलं असतं कोण जाणे.

कायदा इथे स्पष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची (ट्रस्टची) स्थावर मिळकत विकायला, अदलाबदल करायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमिनीचा भाडेपट्टा १० वर्षांपेक्षा जास्त किंवा बिगरशेती जमिनीचा, इमारतीचा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तरीही लागते. म्हणून पळवाट ठरलेली: अकरा महिन्यांचा करार पुन्हा पुन्हा, भाडं नाममात्र, आणि गाळेवाल्याकडून मोठी 'अनामत', जी ताळेबंदात शोधूनही सापडत नाही. सभासदाने वर्षातून एकदा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढावं, फेरफार पाहावेत, 'इतर हक्क' रकाना वाचावा, नोंदणी कार्यालयाची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांची यादी) शोधावी. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला १५ दिवस असतात. उपासनेत बातमी पोचेपर्यंत ते बहुधा संपलेले असतात.

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, कलम २२. तो वर्षानुवर्षं दिलेलाच नसतो आणि कागदावर निवर्तलेली माणसं विश्वस्त असतात. हिशेब देण्यात सतत कसूर, कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष, अफरातफर, यांसाठी विश्वस्ताला निलंबित करण्याचा किंवा काढण्याचा अधिकार कलम ४१ड देतं. कलम ५० खाली हितसंबंध असलेल्या दोघांना आयुक्तांच्या लेखी संमतीने दावा लावता येतो. लोक एका ठिकाणी हमखास अडकतात: साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात जातात आणि 'या नावाचा न्यास नाही' असं ऐकून परततात. मंडळी इथली असली तरी मिळकत धारण करणारा न्यास दुसऱ्या जिल्ह्यात नोंदलेला असू शकतो. आधी पावतीपुस्तकावरचा नोंदणी क्रमांक पाहावा. मंडळीला माहिती अधिकार लागू नसला तरी त्या कार्यालयाला लागू आहे, आणि न्यासाने तिथे दाखल केलेले कागद मागता येतात.

स्वतंत्र फेलोशिपांत पास्टर, त्यांच्या पत्नी आणि मेहुणे असेच विश्वस्त असतात. वर बिशप नाही, कमिटी नाही. तिथे न्यासपत्राची प्रत मागणं हाच पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न ठरतो, कारण विचारणाऱ्याला पुढच्या रविवारी 'बंडखोर आत्मा' ही पदवी मिळते.

पैशाची वही निदान असते. हयगयीची नसते. येशूच्या मंडळीतली पहिली तक्रार अपहाराची नव्हती, रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होतं, याची होती (प्रेषितांची कृत्ये ६). आणि प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही, त्यांनाच सात माणसं निवडायला सांगितली. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायातल्या मेंढपाळांवरचे ठपकेही बहुतेक न केलेल्या कामांचे आहेत: आजाऱ्याला बरं केलं नाही, मोडलेल्याला बांधलं नाही, हरवलेल्याला शोधलं नाही.

म्हणून भेटींची वही हवी. एकशेवीस कुटुंबांची मंडळी असेल आणि आठवड्याला चार घरं झाली तरी तीस आठवड्यांत फेरी पुरी होते. वर्षात बावीस आठवडे हाताशी उरतात. वहीत तारीख, घर, कोण गेलं, पुढे काय करायचं एवढंच. घरात काय बोलणं झालं ते लिहायचं नाही, ते पाळकाजवळच राहावं. अंथरुणावरच्या सभासदांची यादी वेगळी, आणि त्यांच्यापुढे प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घरी नेल्याची तारीख. मिरजेच्या मंडळ्यांचं आणखी एक आहे. जतपासून, कवठे महांकाळपासून, पार कर्नाटकातून रुग्ण मिरजेत येतात. त्यांचा गावचा पाळक येऊ शकत नाही आणि मिरजेच्या पाळकाला ते आल्याचं कळत नाही. एका फोनचा प्रश्न असतो, पण तो कुणी करायचा हे ठरलेलं नसतं. गावच्या आणि मिरजेच्या अशा दोन्ही कमिट्यांनी हे लिहून ठरवावं, कारण शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वॉर्डाबाहेर एकटी बसलेली बाई पाळकाला नव्हे, देवालाच बोल लावते.

विचारायचं कसं? मत्तय १८ ची वाट: आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. एकट्याने जाणं म्हणजे खरोखर जाणं, व्हॉट्सॲपवर टोमणा मारणं नव्हे. "सलाम पाळकसाहेब, गेल्या वर्षीचा हिशेबतपासणी अहवाल वाचायचा होता," एवढं पुरतं. जमलं नाही तर सचिवांना पत्र: विषय एकच, मागणी एकच, तारीख घालून, दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर पोच. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने. एका पत्रात गाळा, गाडी, फ्लेक्स आणि क्वायरमधलं (गायकवृंदातलं) भांडण सगळं कोंबलं की उत्तर फक्त क्वायरवर येतं. पुढची पायरी डायोसिस. तिथून बहुधा बदली येते, आणि बदलीने प्रश्न सांगलीहून उचलून एखाद्या खेड्यातल्या गरीब मंडळीच्या पदरात पडतो, जिथे विचारणारं कुणी नाही. एली या याजकाला (१ शमुवेल २) मुलांचे उद्योग माहीत होते. मांसाच्या भांड्यात तीन दातांचा काटा खुपसून येईल ते उचलणारे ते याजक होते. एलीने त्यांना नुसतं समजावलं, आवरलं नाही, आणि ठपका त्याच्यावरही आला. बदलीचा आदेश काढणाऱ्यांनी तो अध्याय चौकशी अहवालाबरोबर वाचावा. चौकशी अहवाल काढलाच असेल तर.

एका बाबतीत ही वाट मुळीच चालायची नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तिथे कमिटीची बैठक, प्रार्थना, समेट, काही आड येता कामा नये. आणि कुणा मुलीला किंवा बाईला 'आधी एकटी जाऊन त्यांच्याशी बोल' असं मत्तयच्या नावाने सांगणं, हा त्या वचनाचा सर्वांत वाईट वापर आहे.

आरोप खोटा निघाला तर? तसंही होतं; पाळकाला घालवण्यासाठी रचलेली प्रकरणं काही कमी नाहीत. चिठ्ठ्या, पासबुक, पावत्या जुळल्या की तसं लेखी द्यावं, आणि ते पत्र मोघम सूचनांत न घालता नाव घेऊन, उपदेशाच्या आधी, सचिवांनी उभं राहून वाचावं. आरोप कॉटेज मीटिंगमध्ये (कुणाच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) झाला असेल तर त्या घरीही वाचावं. मंडळीच्या ग्रुपवर झाला असेल तर त्याच ग्रुपवर टाकावं, आणि ज्याच्या नंबरवरून आरोप आला होता त्याच्याच नंबरवरून.